ओठ मिटलेले, दात सुटे

हे मनन बसून करायचे आहे, आणि तोंडात काहीतरी घेऊन. केरीला असाल तर उत्तमच. गोव्यात केरी नावाची गावे एकाहून जास्त आहेत, सत्तरीत आहे, फोंड्यातही आहे. मी म्हणतो ती पेडण्याची केरी, तेरेखोल नदी समुद्राला मिळते तिथली. धक्क्यावरून फेरीबोट पलीकडे जाते, पलीकडच्या टेकाडावर तेरेखोलचा किल्ला दिसतो, आणि त्याच्या पाठीमागे सिंधुदुर्ग सुरू होतो. किनाऱ्यावर सुरूची झाडे आहेत. समुद्राने वाळू खाल्ल्यामुळे काही आडवी झाली आहेत. उभ्या असलेल्यांपैकी एखाद्याच्या सावलीत बसा. भर दुपारी नको, उन्हे कलल्यावर या. सोबत जत्रेतली दोन-चार खाजी, खोबऱ्याची एक कातळी आणि तांदळाच्या भाकरीचा चतकोर असू द्या. पिण्याचे पाणी घ्या. केरी लांब असेल तर घरची पडवी किंवा गॅलरीही चालेल, आणि खाजे मिळाले नाही तर गुळाची चिक्की.

आधी काही खाऊ नका. डोळे मिटा, चार श्वास येऊ-जाऊ द्या. मग एवढेच पाहा: या घटकेला तुमचे वरचे आणि खालचे दात एकमेकांना टेकलेले आहेत का? लगेच काही बदलू नका, नुसते पाहा. टेकलेले असतील तर कानाच्या थोडे खाली, जबड्याच्या कोपऱ्यात, बारीकसा ताण सापडेल. तो आता सोडा. ओठ मिटलेलेच राहू द्या, जीभ टाळूला सैल टेकू द्या, आणि खालचा जबडा आपल्याच वजनाने जेवढा उतरतो तेवढा उतरू द्या. वरच्या आणि खालच्या दातांमध्ये आता दोन ते चार मिलिमीटरची फट पडली असेल.

दातांची विश्रांतीची जागा ही. दिवसभरात दातांनी दातांना टेकायचे ते घास चावताना आणि गिळताना, तेही निमिषभर. हे सगळे निमिष एकत्र केले तरी हिशेब मिनिटांतच भरतो. बाकी सारा दिवस आणि रात्र त्यांनी वेगळे राहायचे असते. पण आपण गाडी चालवताना, हिशेब करताना, मोबाइलवर कोणाचा तरी मेसेज वाचताना दातओठ खात असतो. झोपेतही कित्येकजण दात खातात आणि सकाळी कानशिले दुखतात म्हणून बाम चोळतात. दात भेटण्यासाठी आहेत, पण थोड्या वेळासाठी. या बैठकीत एवढे एकच लक्षात ठेवायचे आहे. प्रत्येक दाताशी थांबून आपण ते पाहणार आहोत.

जिभेचे टोक वरच्या मधल्या दोन दातांच्या पाठीमागे न्या. घाई नको. समोरून आरशात सपाट दिसणारे हे दात मागून किंचित खोलगट आहेत. खोलगट भागावरून टोक खाली सरकवा, कड लागेल. पातळ, सरळ, धारेची. आता दोन्ही बाजूंचे त्यांचे धाकटे भाऊ चाचपा. वर चार, खाली चार, असे हे आठ पटाशीचे दात. सुताराची पटाशी पाहिलेल्या कोणालाही या नावाचे कारण विचारावे लागत नाही. मुळे एकेकच. खालचे मधले दोन हे तोंडातले सर्वांत लहान दात. त्यांच्या पाठीमागे जीभ फिरवताना खरखरीत लागले तर ते किटण आहे. जिभेखाली लाळेच्या ग्रंथींची तोंडे आहेत आणि त्या लाळेतले क्षार तिथे पहिल्यांदा बसतात, म्हणून कितीही घासले तरी किटण आधी तिथेच धरते.

मनातल्या मनात म्हणा: त, थ, द, ध. जीभ कुठे गेली? पटाशीच्या दातांच्या मागे. आता ‘चमचा’ म्हणा आणि मग ‘चहा’ म्हणा. एकाच अक्षराला जीभ दोन जागी टेकली. पुढचे दात गेलेली आजी ‘चमचा’ म्हणते तेव्हा हवा निसटते आणि नातवंडे हसतात. कापण्याइतकेच बोलणेही याच आठांवर सोपवलेले आहे.

सात-आठ वर्षांचे मूल जवळ असेल तर त्याचे नवे आलेले पुढचे दात पाहा. कडेवर तीन बारीक कंगोरे दिसतील. आईवडील कधीकधी घाबरतात, दात वाकडे आले म्हणून. काही नाही, दाताचे पुढचे अंग तीन भागांतून घडते त्याची ती खूण. वरचे-खालचे एकमेकांवरून घासून दोन-तीन वर्षांत ती कड सरळ होते.

आता एक खाजे उचला. बेसनाची तळलेली कांडी, गुळाच्या पाकात घोळलेली, आल्याचा तिखटपणा मागून येणारी. गोव्याच्या खाज्याला आता भौगोलिक मानांकन मिळाले आहे, पण जत्रेत कागदाच्या पुडीतून खाणाऱ्याला त्याचे काही नाही. डोळे मिटूनच खाजे पुढच्या दातांत धरा. चावू नका. वरचा दात खालच्याच्या थोडा पुढे आहे, हे जाणवते का? दोघे टोकावर टोक येत नाहीत, खालचा वरच्याच्या पाठीला लागून सरकतो. दाब हळूहळू वाढवा. आधी गुळाचा थर तडकेल. मग आतली कांडी क्षणभर सोसेल आणि एकदम तुटेल. तो आवाज शेजाऱ्याला जेवढा ऐकू आला त्याहून कितीतरी मोठा तुम्हाला ऐकू आला, कारण तो हाडातून थेट कानात गेला. तुटलेला तुकडा जिभेवर आहे. त्याला तिथेच असू द्या.

पटाशीचे काम इथे संपले. त्यांनी चावायचे नसते. जबड्याचा सांधा कानाच्या पुढ्यात आहे. तिथे बोट ठेवून तोंड उघडमिट केले तर तो सरकताना कळतो. जबडा ओढणारे स्नायू त्या सांध्याजवळच आहेत. पुढचे दात त्यांच्यापासून लांब, म्हणून तेवढ्याच कष्टात पुढे जोर कमी पडतो आणि मागे दाढांवर कितीतरी अधिक पडतो. सुपारी पुढच्या दातांनी फोडायला जाणारा माणूस शरीराची ही मांडणीच धुडकावतो.

आमच्याकडे मुलांचा पडलेला दुधाचा दात कौलावर भिरकावण्याची चाल आहे. तो उंदराने न्यावा आणि बदल्यात त्याच्यासारखा दात द्यावा, अशी मागणी. मागणी करणाऱ्याने उंदीर नीट पाहिला होता असे म्हटले पाहिजे. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढतात. त्यांच्या फक्त पुढच्या अंगाला कठीण एनॅमल असते, मागचा भाग मऊ, त्यामुळे कुरतडताना मागची बाजू आधी झिजते आणि पुढे आपोआप धार राहते. पण ही देणगी बिनशर्त नाही. समोरासमोरचा दात नसला आणि झीज थांबली, की दात वाढत जाऊन उंदराचेच तोंड बंद करतात. त्याला भेट टाळण्याची सोय नाही.

याच जातीचा आणखी एक दात चतुर्थीला आपल्या घरी येतो. फळाफुलांच्या माटोळीखाली बसलेल्या गणपतीचा तो मोडका दात सुळा समजला जातो, मात्र हत्तीचा बाहेर आलेला दात हा पटाशीचाच, वरच्या जबड्यातला, वाढून वाढून लांब झालेला. हत्तीला सुळे नसतातच. आणि दाढा? त्या एका जबड्याच्या एका बाजूला आयुष्यात सहाच, मागून पुढे सरकत येणाऱ्या, एक झिजली की तिच्या जागी मागची. सहावी झिजली की म्हाताऱ्या हत्तीला चारा समोर असून खाता येत नाही. तिळारीच्या खोऱ्यात कर्नाटकातून उतरलेले हत्ती माड आणि केळी कशा आडव्या करतात हे दोडामार्गकडच्या बागायतदारांना विचारा. ती सारी नासधूस दळणाऱ्या दाढा तोंडात एका वेळी मोजक्याच असतात.

जिभेचे टोक आणखी बाजूला न्या. दातांची ओळ जिथे वळण घेते, त्या कोपऱ्यावर टोकदार दात लागेल. हा सुळा. वर दोन, खाली दोन. आता तर्जनी वरच्या ओठावरून नाकपुडीच्या बाजूला, सुळ्याच्या वर दाबून पाहा. हिरडीखाली उभा उंचवटा लागतो. ते त्याचे मूळ. सगळ्या दातांत लांब मूळ सुळ्याचे, म्हणून म्हातारपणी बाकीचे गेले तरी पुष्कळदा हाच उरतो.

भाकरीचा चतकोर घ्या. ताजी तांदळाची भाकरी पुढच्या दातांनी सरळ कापली जात नाही, ती वाकते. हात आपोआप ती तोंडाच्या कोपऱ्याकडे नेतो, सुळा तिला टोचून धरतो आणि आपण ओढतो. एकदा मुद्दाम तसे करून पाहा, अगदी सावकाश. धरणे दाताचे, फाडणे हाताचे. सुळ्याचे दुसरे काम मात्र कोणाच्या लक्षात येत नाही. दात हलके टेकवा आणि खालचा जबडा डावीकडे सरकवा. बहुतेकांच्या तोंडात डावा सुळा सुळ्यावर चढतो आणि मागच्या दाढा एकमेकींपासून सुटतात. आडव्या घसाऱ्यातून दाढा वाचाव्यात म्हणून हा कोपऱ्यावरचा दात भार स्वतःकडे घेतो.

सुळ्याची एक मोठी हकिगत गोव्यातच घडली आहे. १५६० साली पोर्तुगीज व्हाइसरॉय दों कॉन्स्तांतिनू द ब्रागांझा याने जाफन्यावर स्वारी केली आणि तिथल्या लुटीत एक दात गोव्यात आणला. तो गौतम बुद्धाचा दात, असे सांगितले गेले. पेगूच्या, म्हणजे आजच्या म्यानमारमधल्या, बौद्ध राजाने तो सोडवण्यासाठी प्रचंड रक्कम देऊ केली. खजिना रिकामा होता, व्हाइसरॉयचे मन वळलेही होते. पण आर्चबिशप दों गास्पार आडवा आला. १५६१ मध्ये सर्वांसमक्ष तो दात खलबत्त्यात कुटला गेला, भुकटी निखाऱ्यांवर जाळली गेली आणि राख नदीत सोडली गेली. श्रीलंकेतले लोक म्हणतात, खरा दात जाफन्यात कधी नव्हताच. तो आज कँडीच्या दलदा मालिगावा मंदिरात आहे, आणि परंपरेने तो डावा सुळा मानला जातो. खरा कोणता हा वाद इथे नको. निखाऱ्यांवर जाळण्याआधी त्यांना तो कुटावा लागला, एवढे डोळ्यांपुढे आणा आणि जीभ पुन्हा आपल्या सुळ्यावर ठेवा.

सुळ्यामागे दोन-दोन उपदाढा. एकूण आठ. त्यांना दोन टोके असतात, एक गालाकडे, एक जिभेकडे. अर्धे काम फाडण्याचे, अर्धे चिरडण्याचे. दुधाच्या दातांत त्या नसतातच. दुधाचे दात वीस, त्यात मागे दोन-दोन दाढा. दहा ते बारा वर्षांच्या सुमारास त्या पडतात आणि त्यांच्या जागी उपदाढा येतात. दात सरळ करायला तार बसवताना जागा हवी म्हणून काढायचा दात बहुतेक वेळा हाच निवडतात. उपदाढांबद्दल याहून जास्त सांगण्यासारखे मला काही सापडत नाही. चला मागे.

जिभेवरचा खाज्याचा तुकडा एव्हाना मऊ झाला असेल. तो गिळा आणि खोबऱ्याची कातळी घ्या. पुढच्या दातांनी एक तुकडा तोडा आणि तो मागे सरकू द्या. कोणी सरकवला? जिभेने. कोणत्या बाजूला? प्रत्येकाची एक लाडकी बाजू असते, आणि ती पुष्कळांना वयाच्या पन्नाशीपर्यंत माहीत नसते. आज मुद्दाम दुसऱ्या बाजूला न्या.

आता दोन बोटे कानशिलावर आणि अंगठा जबड्याच्या कोपऱ्यावर ठेवा आणि चावा. एकदाच. कानशिलाखाली काहीतरी फुगले, गालाच्या मागेही फुगले. हे चर्वणाचे स्नायू. पुन्हा एकदा चावा आणि यावेळी जबड्याचा रस्ता पाहा. तो सरळ वर येत नाही. खाली उतरतो, घासाच्या बाजूला थोडा बाहेर जातो, आणि मग वर येऊन आत सरकतो. जात्यात खालची तळी स्थिर असते आणि वरची फिरते. तोंडात वरची ओळ स्थिर आहे आणि खालची फिरते. वरच्या दाढेचे टोक खालच्या दाढेच्या खळग्यात बसते, खोबरे त्या दोघींच्या मध्ये सापडते, आणि टोक खळग्यातून घसरत बाहेर पडताना ते चिरडले जाते. एकटी दाढ, कितीही धडधाकट असली तरी, काही दळू शकत नाही. समोरची पडली की तिचेही काम गेले, आणि कालांतराने ती रिकाम्या जागेकडे वाढू लागते. एक दाढ काढून ‘एकच तर गेली’ म्हणणारा माणूस दोन दाढा गमावून बसलेला असतो.

दाढा बारा, अक्कलदाढा धरून. वरच्यांना बहुधा तीन मुळे, खालच्यांना दोन. खालच्या पहिल्या दाढेला पाच टोके, वरचीला चार. जिभेने मोजायला जाऊ नका, नीट मोजता येत नाहीत. त्याऐवजी जिभेचे टोक वरच्या दुसऱ्या दाढेसमोर गालाच्या आतल्या अंगाला फिरवा. तिथे एक बारीक उंचवटा आहे. गालातल्या लाळग्रंथीची नळी तिथे उघडते. खोबरे चावत राहा आणि लक्ष तिथे ठेवा. ओल कुठून येते ते कळू लागेल. दिवसाकाठी साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तोंडात येते.

घास बत्तीस वेळा चावावा असे आपल्याला लहानपणी सांगितले जाते. हा आकडा दातांच्या संख्येवरून कोणीतरी बसवला असावा असे माझे मत आहे. उकड्या तांदळाची पेज बत्तीस वेळा चावून दाखवावी! खोबऱ्याला चाळीसही कमी पडतील. मोजण्यापेक्षा घास जिभेवर पसरून पाहावा. कण टोचेनासे झाले आणि सगळे मिळून एक गोळा झाला की गिळावे. आता गिळा. गिळताना वरचे-खालचे दात क्षणभर टेकले आणि सुटले. ते सुटले, हे पाहिलेत ना?

तेरेखोलच्या मुखावर ओहोटीला तिसऱ्या मिळतात. घरी आणून कितीही पाण्यात ठेवल्या तरी एखादीत वाळूचा कण राहतोच, आणि तिसऱ्यांचे सुके खाताना तो दाढेखाली येतो. कच्! सगळा जबडा थांबतो. तो कण केसापेक्षा बारीक असला तरी तुम्हाला कळतो. कसा? दात जबड्यात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मुळाभोवती बारीक तंतूंचे वेष्टन असते, मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाएवढे जाड, आणि त्या तंतूंवर दात टांगलेला असतो. दाब किती, कुठून, हे तेच तंतू सांगतात. आपल्या बोटाने एक दात किंचित दाबा. हललासा वाटला तर ते बरोबर आहे.

हे तंतू जिवंत असतात, म्हणून एक व्यवहाराची गोष्ट मध्येच सांगतो. मुलगा खेळताना पडला आणि पक्का दात मुळासकट बाहेर आला, तर तो वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचला, मूळ चोळू नका, दुधाच्या पेल्यात टाका आणि तासाभराच्या आत दंतवैद्याकडे पोहोचा. जितक्या लवकर तितके बरे. दात पुन्हा बसू शकतो. दुधाचा दात मात्र परत बसवत नाहीत.

जीभ आता खालच्या पहिल्या दाढेवर ठेवा. सुळ्यापासून मागे मोजा: दोन उपदाढा, मग ही. तिच्या माथ्यावरच्या खाचांत खाज्याचा गूळ अजून चिकटलेला असेल. तो तिथे आहे तोवर तोंडातले जंतू त्यावर जगतात आणि आम्ल सोडतात. आम्लतेचा आकडा साडेपाचाच्या खाली उतरला की एनॅमलमधले क्षार विरघळू लागतात. लाळ ते आम्ल हळूहळू धुते आणि थोडे क्षार परतही बसवते. पण खाच खोल आणि गूळ चिवट असेल तर लाळेचे काही चालत नाही. आणि एकदा खड्डा पडला की शरीर तो बुजवत नाही. एनॅमल घडवणाऱ्या पेशी दात वर येईपर्यंतच असतात, दात वर आला की त्या संपतात. शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ, वजनाने शेकडा शहाण्णव भाग खनिज, पण दुरुस्ती होत नाही.

त्याचीच दुसरी बाजू अशी की जे तिथे लिहिले गेले ते पुसलेही जात नाही. ही पहिली दाढ तोंडात येते सहाव्या वर्षी, पण तिचे एनॅमल घडायला लागते जन्माच्या सुमारास. तुमच्या कातडीचे, रक्ताचे, हाडाचेही किती वेळा नूतनीकरण झाले असेल. जिभेखाली आत्ता जे टोक लागते आहे ते तुम्ही पाळण्यात असताना बसलेले आहे. २००५ साली स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या संशोधकांनी यावरूनच माणसाचे जन्मवर्ष काढून दाखवले. विसाव्या शतकातल्या अणुचाचण्यांनी हवेतला कार्बन-१४ वाढला होता, तो त्या त्या वर्षी घडणाऱ्या एनॅमलमध्ये अडकून राहिला होता. आपल्याकडेही असा दाखला आहे. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची वस्ती, घरांच्या जमिनीखाली मडक्यांत पुरलेली लहान मुले. एस. आर. वाळिंबे आणि जॉन ल्यूकाच यांनी त्या मुलांचे दुधाचे दात तपासले. एनॅमल घडताना पडलेले खळगे त्यांत दिसले, सुळ्यांवरही. त्या मुलांची नावे, घराणी काहीच उरले नाही. पण एखादे पोर तान्हेपणी उपासमारीत किंवा आजारात होते, हे त्याचा दात अजून सांगतो. इथे थोडे थांबा. जीभ दाढेवरच असू द्या. तुमच्या आईने तुम्हाला पाजले, ताप आला तेव्हा रात्री जागवल्या, त्याचाही काही भाग या टोकात बसलेला आहे.

अक्कलदाढेबद्दल फार बोलत नाही. सतरा ते पंचविशीच्या दरम्यान येते, जागा असली तर सरळ, नसली तर आडवी, काहींना येतच नाही. तिच्यापाशी दुसरीच एक परीक्षा करून घ्या. उजव्या हाताची तीन बोटे जुळवा आणि उभी करून पुढच्या दातांमध्ये घाला. जातात का? जात नसतील आणि तुम्हाला सुपारी किंवा गुटख्याची सवय असेल, तर ही गोष्ट सहज सोडून देऊ नका. सुपारीने तोंडाचे आतले अस्तर कडक होत जाते आणि तोंड उघडणे आक्रसते. त्याच जागी पुढे कर्करोगाची भीती असते. आमच्याकडे पोफळीच्या बागा घराघराला लागून, त्यामुळे हे बोललेले आवडत नाही. तरी बोलतो.

पाणी घ्या, तोंडात घोळवा आणि चूळ भरा. उरलेली खाजी घरी न्या आणि जेवणानंतर एकदम खाऊन टाका. दिवसभर एकेक चघळण्यापेक्षा दातांना ते बरे पडते. पुढचे काही दिवस, जेव्हा आठवेल तेव्हा, फाटक उघडताना, फेरीची वाट पाहताना, फोन उचलण्याआधी, वरचे-खालचे दात टेकलेले आहेत का एवढे पाहत चला. टेकलेले असले तर सोडा. रागावू नका, स्वतःवरही नाही. तसे केले तर ते पुन्हा आवळले जातात. सकाळी कानशिले दुखत असतील, दातांच्या कडा सपाट झाल्या असतील, तर दंतवैद्याला दाखवा. पेडण्याच्या आणि सिंधुदुर्गच्याही माणसाला बांबोळीचे सरकारी गोवा दंत महाविद्यालय परके नाही.

आणि घरात पाच-सहा वर्षांचे मूल असेल तर आज रात्री त्याला दिव्याजवळ घ्या. तोंड उघडायला सांगा आणि दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे पाहा. तिथे एखादी रुंद पांढरी दाढ हिरडीतून डोके काढत असेल. कोणताही दात न पडता ती येते, म्हणून पुष्कळ घरांत ती दुधाचीच समजली जाते, आणि ‘पडणारच आहे’ म्हणून किडू दिली जाते. ती पडणार नाही. तिच्या जागी दुसरी येणार नाही. तिच्या खाचांवर सीलंटचा लेप लावून घ्या, आणि मूल स्वतः घासू लागले असले तरी रात्रीचे शेवटचे घासणे आणखी दोन-तीन वर्षे तुमच्या हाताने करा.